सजग श्वसन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्वसनाचा सराव सुरू करणारी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. मात्र हृदयविकार, फिट्स, हर्निया, काचबिंदू यांपैकी काही असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर कपालभाती-भस्त्रिकेबद्दलचा प्रश्न आधी वाचा आणि मग बाकीच्यांकडे वळा.

श्वास आपोआप चालतोच की. त्याकडे मुद्दाम लक्ष कशाला द्यायचं?

स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाचे वीस हजारांच्या आसपास श्वास होतात आणि त्यातले बहुतेक आपल्या खिजगणतीतही नसतात. मेंदूच्या मुळाशी चेतापेशींचा एक छोटासा पुंजका ही लय सांभाळतो. त्याची नेमकी जागा संशोधकांनी १९९१ मध्ये शोधून काढली. आपण गाढ झोपेत असलो तरी त्याचं काम चालू असतं.

शरीरात आपोआप चालणारी इतर कामं आपलं ऐकत नाहीत. छातीतली धडधड 'थांब' म्हटल्याने थांबत नाही. तळहाताला सुटलेला घाम आणि पोटात आलेला गोळाही हुकूम पाळत नाहीत. श्वास मात्र ऐकतो. आणि तो बदलला की त्याच्या मागोमाग नाडी, रक्तदाब, खांद्या-मानेचा ताण हेही थोडंथोडं बदलू लागतं. सगळ्या सरावाचा पाया एवढाच आहे.

हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. भीती वाटली की श्वास वर छातीत येतो, उथळ आणि भरभर होतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. बेल्जियममधल्या पिएर फिलिपो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याची उलट बाजू तपासली. त्यांनी लोकांना फक्त श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं, भावनेचं नावही काढलं नाही. तरी भीतीच्या पद्धतीने श्वास घेणाऱ्यांना भीतीसारखं आणि आनंदाच्या पद्धतीने घेणाऱ्यांना आनंदासारखं काहीतरी जाणवलं.

'दीर्घ श्वास घ्या' म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

हा सल्ला अर्धवट आहे आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. 'दीर्घ श्वास घ्या' असं सांगितलं की दहातले नऊजण काय करतात ते पाहा. खांदे कानांकडे चढतात, छाती फुगते, मानेच्या शिरा ताणल्या जातात, नाकातून आवाज येतो आणि भरलेली हवा पुढच्याच क्षणी भसकन बाहेर जाते. हा श्वास मोठा झाला, दीर्घ झाला नाही. असे पाच-सहा श्वास घेतले की डोकं हलकं व्हायला लागतं.

मी उलट क्रम सांगते. आधी श्वास सोडा. घाई न करता, आहे ती हवा सावकाश बाहेर जाऊ द्या. ती संपत आली की पोट किंचित आत जातं. मग काहीही न करता थांबा. पुढचा श्वास आपसूक येईल, तो ओढावा लागणार नाही आणि खाली पोटापर्यंत जाईल. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हरकत नाही, एवढं लक्षात राहू द्या.

मंद श्वास शरीराला परवडतो कसा, याचं गणित सोपं आहे. एका सर्वसाधारण श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते, रक्तापर्यंत पोहोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण सहा लिटर हवा आत गेली आणि त्यातली ४.२ लिटर कामी आली. तीच सहा लिटर हवा २४ उथळ श्वासांत घेतली, तर कामाची हवा उरते फक्त २.४ लिटर. आणि सहा सावकाश श्वासांत घेतली तर ५.१ लिटर. मेहनत कमी आणि पदरात जास्त.

खोल श्वासाने ऑक्सिजन वाढतो म्हणून बरं वाटतं ना?

नाही. निरोगी माणसाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी एरवीच ९५ ते १०० टक्के असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? जोरजोरात श्वास घेतल्याने खरा बदल होतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो भसाभस बाहेर जातो.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे नुसता टाकाऊ वायू, ही समजूत शाळेपासून डोक्यात बसलेली असते. प्रत्यक्षात श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यतः याच वायूच्या पातळीवरून ठरते. श्वास रोखल्यावर थोड्या वेळाने जी तगमग होते, ती ऑक्सिजन संपल्यामुळे नसते, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे असते. शिवाय रक्तातल्या हिमोग्लोबिनने ऑक्सिजन पेशींच्या हवाली करायला हा वायू लागतो. डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर यांनी १९०४ मध्ये हे दाखवून दिलं. (अणूची रचना मांडणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव.) कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तात भरपूर ऑक्सिजन असूनही माणसाला गरगरतं.

सराव करताना ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. हे चांगलं लक्षण आहे का?

काही ठिकाणी 'ऊर्जा जागी होते आहे' असं सांगितलं जातं. तसं काही नाही. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केल्याने रक्तातली आम्लता कमी होते, त्यामुळे मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण घटतं आणि नसा उगाचच चेकाळतात. जास्त झालं तर हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात. थांबा, नेहमीसारखा श्वास चालू द्या. काही मिनिटांत ओसरतं. पुढच्या वेळी श्वासाचा आकार निम्मा करा.

मंद श्वासाने मन शांत होतं, ते कसं?

हे स्वतःच्या मनगटावर तपासता येतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा आणि नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. श्वास आत येताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुणांत हा फरक बोटाला स्पष्ट लागतो, वय वाढेल तसा तो पुसट होतो. लागला नाही तर घाबरायचं कारण नाही. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ मध्येच याची नोंद करून ठेवली आहे.

हृदयाला लगाम घालणारी एक मोठी नस मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरते. तिचं नाव व्हेगस. श्वास सोडताना तिचा प्रभाव वाढतो, घेताना ओसरतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो. मन शांत करायला आपण मनाशी झटत बसतो. इथे मनाला बाजूला ठेवून आधी हृदयाची गती उतरवली जाते. धोका टळल्याची खबर शरीराकडून मेंदूकडे जाते.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांमध्ये दाब मोजणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते हृदयाला हळू करतात, उतरला की वेग वाढवतात. या चढउताराचं एक आवर्तन सुमारे दहा सेकंदांचं असतं. आपला श्वासही दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा, झाला की दोन्ही लयी जुळतात आणि नाडीचा चढउतार ठळक होतो. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ मध्ये याचा एक सुंदर दाखला दिला. लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेवरची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. स्तोत्रं म्हणून झाल्यावर मोकळं वाटतं, त्यात श्रद्धेबरोबर या लयीचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

सुरुवात कशी करू?

बसून किंवा आडवं होऊन, कसंही चालेल. कमरेला पट्टा किंवा घट्ट नाडी असेल तर सैल करा. आवळलेल्या पोटाने पोटातून श्वास घ्यायचा प्रयत्न करणारे बरेच भेटतात. एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या वर ठेवा. पहिली दोन मिनिटं काही बदलू नका, नुसतं बघा की कुठला हात जास्त हलतो आहे. बहुतेकांचा वरचा हलतो.

आता नाकाने श्वास सोडा आणि खालचा हात हळूहळू आत जाताना बघत राहा. पुढचा श्वास आत आला की तोच हात वर उचलला गेला पाहिजे. पोट जोर लावून फुगवायचं नाही. फुप्फुसांच्या तळाशी असलेला घुमटासारखा स्नायू, श्वासपटल, खाली सरकतो आणि पोटातले अवयव पुढे ढकलतो, म्हणून पोट वर येतं. हवा पोटात जात नाही. (हे सांगावं लागतं, कारण पोट हवेने भरतंय अशी कल्पना करून लोक खरोखरच हवा गिळतात आणि मग ढेकरा देत बसतात.) बरगड्यांचा खालचा भाग दोन्ही बाजूंना थोडा उघडला, तर श्वास बरोबर चालला आहे.

जमायला लागलं की मनात मोजा. घेताना तीन, सोडताना चार. आठवडाभराने चार आणि सहा. चार आणि सहा म्हणजे दहा सेकंद, वर सांगितलेली मिनिटाला सहाची लय. त्यापुढे आकडा वाढवण्यात फारसा अर्थ नाही. मोजताना दम कमी पडू लागला तर आकडा मोठा आहे, एकदोनने उतरवा. आपण पुरेशी हवा घेत नाही असं किंचित वाटणं चालेल. पुढचा श्वास हपापल्यासारखा ओढावा लागणं चालणार नाही.

पाच मिनिटं पुरेत. रोज.

बॉक्स ब्रीदिंग, ४-७-८, अनुलोम-विलोम, भ्रामरी... यातला कुठला प्रकार घ्यावा?

जो रोज करावासा वाटेल तो. नावं पुष्कळ आहेत, पण आत डोकावलं तर बहुतेकांचा गाभा तोच निघतो. श्वास मंद होतो, उच्छ्वास लांबतो आणि लक्ष एका जागी राहतं. अनुलोम-विलोममध्ये एका वेळी एकच नाकपुडी उघडी असते, म्हणून हवेला अडथळा होतो आणि श्वास आपोआप सावकाश होतो. भ्रामरीत गुणगुणायचं असल्याने उच्छ्वास लांबवण्यावाचून इलाजच नसतो. मोजायचा कंटाळा असणाऱ्यांना मी भ्रामरीच सुचवते.

आकड्यांच्या पद्धतींबाबत एक सावधगिरी. ४-७-८ म्हणजे चार मोजत घेणं, सात मोजत रोखणं, आठ मोजत सोडणं; एका श्वासाला १९ सेकंद, मिनिटाला जेमतेम तीन श्वास. बॉक्स पद्धतीत घेणं, रोखणं, सोडणं, पुन्हा रोखणं, प्रत्येकी चार म्हणजे १६ सेकंद. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून हे करायला गेलात तर जीव कासावीस होईल आणि 'आपल्याला हे जमत नाही' अशी समजूत होऊन बसेल. त्या आकड्यांकडे प्रमाण म्हणून पाहा, सेकंद म्हणून नको. भरभर मोजलंत तरी चालतं.

तातडीचा उपाय हवा असेल तर दुहेरी श्वासाचा सुस्कारा सगळ्यात सोपा. नाकाने श्वास घ्या, भरत आल्यावर त्यावरच आणखी एक छोटा घोट घ्या आणि मग तोंडाने लांबवर सोडून द्या. शरीर हे स्वतःहूनही करत असतं. फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, त्यातले काही अधूनमधून मिटतात, आणि दर काही मिनिटांनी येणारा, आपल्या लक्षातही न येणारा सुस्कारा त्यांना पुन्हा उघडतो. रडून दमलेलं मूल झोपी जाताना जो हुंदक्यासारखा दुहेरी श्वास घेतं, तो हाच. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे प्रकार केले. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली, नुसतं ध्यान करणाऱ्यांतही. मात्र मनःस्थिती सुधारण्यात हा सुस्काऱ्याचा प्रकार पुढे राहिला.

नाकानेच का? माझं नाक कायम एका बाजूने चोंदलेलं असतं.

नाकात हवा गाळली जाते, कोमट आणि दमट होते. नाकालगतच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, तेही हवेबरोबर फुप्फुसांत उतरतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतं. गुणगुणताना नाकातल्या या वायूचं प्रमाण पंधरापट वाढतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांना २००२ मध्ये आढळलं. आणि साधी गोष्ट म्हणजे नाकाची वाट अरुंद, त्यामुळे तिथून घाईने श्वास घेताच येत नाही.

एक नाकपुडी बंद असणं हा बहुतेक वेळा आजार नसतो. काही तासांनी बाजू बदलते, हे जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्येच नोंदवलं आहे. कायम एकच बाजू बंद राहत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री तोंडाला पट्टी चिकटवून झोपायचं खूळ निघालं आहे, त्याच्या नादी लागू नका. विशेषतः घोरत असाल तर.

पॅनिक अटॅक येतो तेव्हा श्वासाचं काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते. मोठा श्वास घ्यायचा नाही. अशा वेळी 'हवा पुरत नाही' असं वाटत असतं, पण बहुतेकदा ती गरजेपेक्षा जास्त झालेली असते. भोवतालचे लोक 'मोठा श्वास घे, मोठा श्वास घे' म्हणत राहतात आणि माणूस आणखी हवा ओढतो, मुंग्या वाढतात, छाती आवळते, भीती दुप्पट होते. घरात कुणाला असा त्रास असेल तर सगळ्यांना हे आधीच समजावून ठेवा.

ओठांचा चंबू करा आणि दिवा न विझवता नुसती ज्योत हलवायची असावी इतक्या हलकेच हवा सोडा. सोडून झाल्यावर क्षणभर थांबा. नंतर येणारा श्वास लहानसा, नाकाने येऊ द्या. लहान असणंच महत्त्वाचं. पावलं जमिनीवर नीट टेकवा, हाताखालच्या वस्तूचा थंडपणा किंवा खरखरीतपणा चाचपा आणि पुन्हा सोडा. पहिल्या मिनिटात काहीच फरक पडणार नाही, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. झटक्याचा कळस साधारण दहा मिनिटांत येऊन जातो. श्वासाचं काम त्यात तेल न ओतण्याचं आहे.

कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. हृदयविकाराचा किंवा दम्याचा झटका पॅनिक समजून पिशवी लावली गेली आणि माणसं दगावली, अशी उदाहरणं आहेत. याच कारणाने, असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीत कळ येऊन ती हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर श्वास मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

श्वासाकडे लक्ष दिलं की मला उलट जास्त घाबरायला होतं. मी काही चुकतोय का?

चुकत काहीच नाही, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. ज्यांना पॅनिकचा त्रास असतो, ज्यांच्यावर पूर्वी काही मोठा आघात झालेला असतो, किंवा दम्यामुळे ज्यांनी श्वास कोंडण्याची भीती अनुभवलेली असते, त्यांना शरीराच्या आत लक्ष नेणं म्हणजे धोक्याच्या जागी परत जाणं वाटू शकतं. 'थोडे दिवस सोसा, होईल सवय' असा आग्रह धरणारे शिक्षक मला पटत नाहीत.

अशांनी श्वासाच्या दारावर न जाता मागच्या दाराने जावं. डोळे उघडे ठेवा. चालताना पावलं मोजा. गाणं म्हणा, मोठ्याने वाचा, ओळीच्या शेवटपर्यंत एका दमात. उच्छ्वास लांबतोच, फक्त त्याच्याकडे टक लावून बघावं लागत नाही. किंवा हाताची मूठ घट्ट आवळा, सोडा, मग खांदे, मग जबडा. श्वास त्यांच्यामागून मोकळा होतो. तरीही जमलं नाही तर नाही. मन शांत करण्याचा हाच एक मार्ग आहे असं थोडंच आहे. आघात जुना आणि खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने केलेलं बरं.

राग आल्यावर श्वास मोजत बसायचं, म्हणजे राग गिळायचाच ना?

गिळायचा नाही. श्वासाने राग जात नाही आणि ज्यावरून राग आला ती गोष्टही मिटत नाही. मिळतो तो अवधी. उत्तर टाइप करून झालंय, बोट 'पाठवा'वर आहे, आणि मध्ये दोन लांब उच्छ्वास झाले, तर निरोपातले एखाद-दोन शब्द बदलतात. म्हणायचं ते म्हणाच; फक्त हात थरथरत असताना नको. सतत कुणाकडून अपमान सोसून घरी येऊन श्वासाचा सराव करणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते की तुमच्या अडचणीचं औषध श्वास नाही.

कधीकधी सरावात अचानक रडू येतं. येऊ द्या. पोट आणि घसा आवळून धरलेला असतो, तो सैल झाल्यावर असं होतं. त्याचा फार अर्थ लावत बसायचं कारण नाही.

रात्री झोप येत नाही. याने येईल का?

झोप आणणं श्वासाच्या हाती नाही, वाट मोकळी करणं आहे. आडवं पडून चार-सहाच्या लयीत दहाएक मिनिटं घालवा आणि मोजणं सुटलं तर सुटू द्या. 'आता तरी आली का' म्हणून तपासत राहिलात की संपलं. रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं जड असणं, दिवसा पेंगणं ही लक्षणं असतील तर झोपेची तपासणी करून घ्या.

रक्तदाबाची किंवा दम्याची औषधं बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. मंद श्वसनाच्या नियमित सरावाने रक्तदाब काही अंकांनी उतरतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. काही अंकांनीच. मीठ, वजन, चालणं आणि औषध यांच्या जोडीला तो चांगला आहे, त्यांच्या जागी नाही. आकडे सुधारले तर गोळी कमी करायचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

दम्यात श्वसनाच्या व्यायामाने लोकांना बरं वाटतं, रोजचं जगणं सोपं होतं, पण फुप्फुसांच्या तपासणीतले आकडे फारसे बदलत नाहीत. झटका आल्यावर आकसलेली श्वासनलिका इनहेलरने उघडते, अनुलोम-विलोमने नाही. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांना मात्र ओठांचा चंबू करून श्वास सोडण्याची पद्धत जिने चढताना खरोखर हात देते, कारण त्याने नलिका लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

कपालभाती, भस्त्रिका आणि वेगाने श्वास घेण्याचे प्रकार कोणी करू नयेत?

गरोदरपण, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पॅनिकचा त्रास, यातलं काहीही असेल तर हे प्रकार सोडून द्या. बाकीच्यांनीही जोराची चढाओढ लावू नये. कपालभाती अतिजोराने केल्यावर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठल्याची नोंद २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. अशी घटना विरळाच, पण 'मिनिटाला किती स्ट्रोक मारले' याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती ऐकलेली बरी.

हे प्रकार तरतरी आणतात, शांतता नाही. सकाळी आळस झटकायला ठीक. आधीच धडधड होत असताना करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि पाण्यात किंवा पाण्याजवळ कधीही नाही. भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की कार्बन डायऑक्साइड उतरलेला असल्याने श्वास घ्यायची ऊर्मीच वेळेवर येत नाही. ऑक्सिजन मात्र संपत असतो. माणूस काहीही न कळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेसुद्धा असे बुडाले आहेत. गाडी चालवतानाही हे प्रकार नकोत.

हे शास्त्राने सिद्ध झालंय का?

काही अंशी. २०२३ मध्ये श्वसनाच्या १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७८५ लोक होते आणि ताण कमी होण्याचा परिणाम लहान ते मध्यम असा निघाला. पण त्याच वर्षी, त्याच संशोधकांच्या एका चाचणीत ४०० लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाने मिनिटाला साडेपाचच्या संथ लयीत श्वास घेतला, दुसऱ्याने मिनिटाला १२ च्या नेहमीसारख्या लयीत, आणि आपला प्रकार खरा की नुसता तुलनेसाठीचा हे कुणालाच माहीत नव्हतं. चार आठवड्यांनी दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं.

याचा अर्थ मंद श्वास फुकट, असा मी काढत नाही. नाडीवरचा परिणाम तर बोटाला लागतो. पण रोज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून एका जागी बसणं, हेच अर्धं औषध असण्याची शक्यता मोठी आहे. 'अमुक श्वास, अमुक आजार बरा' अशा याद्या फिरतात, त्यांना मात्र काडीचाही आधार नाही.

किती दिवसांत फरक दिसेल? वेळ कुठली चांगली?

बसल्या जागी नाडी उतरते ती लगेच, दोन-तीन मिनिटांत. चिडचिड किंवा झोप यांत काही फरक पडायचा असेल तर तीन-चार आठवडे द्या. भरल्या पोटी बसू नका, श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. बाकी वेळ तुमच्या सोयीची. पहाटेचा मुहूर्त साधायच्या नादात सरावच बंद पडलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

ॲप किंवा घड्याळ लागतं का?

लागत नाही. लय धरायला सुरुवातीला उपयोग होतो, पण आकडा वर गेला की नाही हे बघण्यातच जीव अडकत असेल तर काढून ठेवा.

लहान मुलांना शिकवता येतं का?

येतं, पण 'श्वासाकडे लक्ष दे' म्हणून नाही. साबणाचे फुगे उडवायला द्या. मोठा फुगा हवा असेल तर हळू आणि लांब फुंकावं लागतं, हे मूल स्वतःच शोधून काढतं. पोटावर बाहुली ठेवून तिला वर-खाली झुलवणंही त्यांना आवडतं. श्वास रोखून धरायचे खेळ मात्र नकोत. मूल आदळआपट करत असताना शिकवू नका. त्या वेळी तुमचाच श्वास हळू करा, जवळ बसा, पुरे.

शिकवणारा हवाच का?

सावकाश श्वास सोडायला कुणी लागत नाही. श्वास रोखण्याचे म्हणजे कुंभकाचे प्रकार आणि वेगवान प्रकार मात्र कुणाच्या तरी नजरेखाली शिकावेत. शिक्षक निवडताना त्याने पहिल्या भेटीत तुमच्या आजारांची आणि औषधांची चौकशी केली का ते बघा. चक्कर येते म्हणालात तर तो थांबवतो की 'चालू ठेवा' म्हणतो, तेही बघा. आणि कर्करोग किंवा मधुमेह श्वासाने बरा करून देतो असं कुणी म्हणालं, तर चटई गुंडाळून उठा.